औंढ्याची वाट आणि मोगलाईंतील रीतभात

देशाटनानें मनुष्य शहाणा होतो, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु हें शहाणपण डोंगर, नद्या व देवळें पाहिल्यानें येतें, कीं परक्या उंबरठ्यावर आपलें पाऊल कसें ठेवावें हें शिकल्यानें येतें, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. आमचें मत दुसऱ्या पक्षाचें आहे. आणि तें तसें बनण्यास औंढा नागनाथ हें क्षेत्र व त्या क्षेत्राकडे जाणारी जुनी वाट हीं दोन कारण झालीं आहेत. या वाटेवर मराठी यात्रेकरूस एका निराळ्या राज्यांतून, निराळ्या राजभाषेंतून व निराळ्या रीतिरिवाजांतून जावें लागे. त्यास काय शिकावें लागे, आणि त्या शिकण्यांत सौजन्याचा भाग किती व सक्तीचा किती, हें पाहण्याचा या लेखाचा उद्देश आहे. मुसलमानी रीतभात असलेल्या देशांत आज आपलीं हजारों माणसें नोकरीधंद्यासाठीं जात आहेत. तेव्हां हा विषय केवळ जुन्या आठवणींचा आहे, असें वाचकांनीं समजूं नये.

औंढें आज हिंगोली जिल्ह्यांत आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यापासून वेगळा झाला. १९४८ पर्यंत हा सर्व मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यांत मोडत असे, व आपले लोक त्यास मोगलाई म्हणत. वास्तविक १७२४ सालीं निजाम-उल्-मुल्कानें दक्षिणेंत आपला जम बसविला, तेव्हांपासून दिल्लीच्या मोगलांचा अंमल तेथें नांवापुरताच उरला होता. परंतु अंमल गेला तरी नांव राहिलें. येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हैदराबाद हें मुसलमान प्रजेचें राज्य नव्हतें. प्रजा बहुसंख्य हिंदु असून तेलुगु, मराठी व कानडी बोलणारी होती. परंतु राजा, दरबार, कचेरीची भाषा व मोठ्या माणसांची उठण्याबसण्याची तऱ्हा, हीं सर्व मुसलमानी वळणाचीं होतीं. म्हणून पुण्याहून किंवा वऱ्हाडांतून निघालेला मनुष्य मराठी गांवांतूनच प्रवास करीत असला, तरी आपण परमुलखांत आलों आहों हें त्यास पावलोंपावलीं कळे.

वऱ्हाड प्रांत १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला होता. त्यामुळें वाशीमकडून येणारा यात्रेकरू पैनगंगा ओलांडून मोगलाईंत शिरे. पश्चिमेकडून येणाऱ्यांची सोय १९०० सालीं मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग पुरा झाल्यावर झाली; पुढें १९१२ सालीं पूर्णा ते हिंगोली हा फांटा निघाला, आणि चोंढी किंवा हिंगोली येथें उतरून बैलगाडीनें औंढें गांठतां येऊं लागलें. नव्या मुलखांत पहिली गांठ पडे ती करोडगिरीच्या नाक्याशीं. करोडगिरी म्हणजे निजामाचें जकात खातें. गांठोड्यांतलें नवें लुगडें किंवा कोरें भांडें विकावयाचें आहे कीं घरच्या वापराचें, याची चौकशी तेथें होई. मग नाण्याचा प्रश्न. इंग्रजी रुपया तो कलदार व निजामाचा तो हाली. हालीवर चारमिनाराचें चित्र असे, आणि सरकारी भावानें सात हाली रुपये म्हणजे सुमारें सहा कलदार होत. हा हिशेब ज्यास तोंडपाठ नसे, तो गाडीवानाकडूनहि फसे व दुकानदाराकडूनहि फसे.

कालगणनाहि निराळी होती. सरकारी कागदांवर फसली साल लिहीत; त्यांत ५९० मिळविले म्हणजे ढोबळ मानानें इसवी साल निघे. हें वर्ष ऑक्टोबरच्या आरंभीं सुरू होई, व महिन्यांचीं नांवें आजूर, दै, बहमन, इस्फंदार अशीं इराणी असत. कचेऱ्यांस सुट्टी रविवारीं नसून शुक्रवारीं असे. म्हणून रविवार समजून धर्मशाळेंत बसून राहणाऱ्याचा व शुक्रवारीं अर्ज घेऊन जाणाऱ्याचा, दोघांचाहि दिवस फुकट जाई. हुद्द्यांच्या नांवांचा घोटाळा तर विचारूंच नये. इंग्रजी मुलखांत सुभेदार म्हणजे पलटणींतला एक अंमलदार. येथें सुभेदार म्हणजे कित्येक जिल्ह्यांवरचा मोठा अधिकारी. इकडचा कलेक्टर तो तिकडचा अव्वल तालुकदार. इकडचा फौजदार तो तिकडचा अमीन. १८८४ च्या सुमारास दरबारानें फारसीच्या जागीं उर्दु ही राजभाषा केली, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत उच्च शिक्षणहि उर्दूंतूनच देण्यास आरंभ झाला. त्यामुळें अर्ज, दाखला, पावती यांपैकीं कांहींहि हवें असल्यास मराठी मनुष्यास मुनशीचा दरवाजा गांठावा लागे.

हीं झालीं बाहेरचीं अंगें. खरी परीक्षा होई ती कोणा थोर गृहस्थाच्या दिवाणखान्यांत. तेथें शिरण्यापूर्वीं जोडे काढावयाचे, कारण पांढऱ्या चांदणीवर जोड्यानिशीं पाऊल ठेवणें हा यजमानाचा अपमान. डोकें उघडें नसावें. ही रीत त्या काळीं आपलीहि होती, फरक एवढाच कीं इकडे पगडी आणि तिकडे दस्तार किंवा रुमी टोपी. नमस्कारासाठीं ‘आदाब अर्ज’ हा शब्द मोठा सोयीचा होता. त्यांत कोणत्याहि देवाचें नांव नाहीं. त्यामुळें हिंदूनें मुसलमानास व मुसलमानानें हिंदूस तो मोकळ्या मनानें म्हणावा. आपल्या घरास ‘गरीबखाना’ म्हणावयाचें व दुसऱ्याच्या झोपडीसहि ‘दौलतखाना’ म्हणावयाचें, हा प्रकार पुण्याच्या सरळसोट मनुष्यास थट्टेचा वाटे. परंतु त्यांत खोटेपणा नव्हता. स्वतःस लहान करून समोरच्यास मोठें करण्याचा तो एक ठरलेला मार्ग होता, आणि दोघांनाहि तो ठाऊक असल्यामुळें कोणी फसत नसे.

बायकांच्या बाबतींत तर पाहुण्यानें फारच जपावें लागे. पडद्याची चाल असल्यामुळें आवाज दिल्यावांचून आंत जाऊं नये, घरांतील स्त्रियांविषयीं नांवानें विचारूं नये, हे नियम होते. आमच्या सुशिक्षित मंडळींपैकीं कित्येकांस हें अडाणीपणाचें वाटे. परंतु आपणांकडेहि पत्नीचा उल्लेख ‘मंडळी’ किंवा ‘कुटुंब’ असाच होत असे, आणि मित्राची खुशाली विचारतांना ‘घरचीं सारीं ठीक आहेत ना?’ एवढेंच विचारीत, हें तीं मंडळी विसरत. दोन शेजाऱ्यांची लाज एकाच जातीची होती. तिची वस्त्रें मात्र वेगळीं होतीं.

भोजनाचा प्रश्न अधिक नाजूक होता. सोंवळें पाळणारा हिंदु मुसलमानाच्या घरचें शिजविलेलें अन्न घेत नसे. सुज्ञ यजमान त्यावर रागावत नसत. ते पाहुण्यास शिधा देववीत, किंवा फळें व सुका मेवा पुढें ठेवीत. येथें सौजन्याचें ओझें यजमानानें उचललेलें असे, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. ज्याच्या घरीं आपण बसलों त्याच्या हातचें पाणीहि नको म्हणणें, हें त्याच्या मनास किती लागत असेल, याचा विचार आपल्याकडील धर्मशील लोकांनीं क्वचितच केला. शेवटीं अत्तर लावून विडा हातीं दिला, कीं भेट संपली. ‘आतां आपण निघावें’ असें कोणी तोंडानें म्हणत नसे. विडा तें काम करी. पेशव्यांच्या दरबारींहि अत्तर-गुलाब व पानसुपारी झाल्यावरच निरोप मिळे. ही चाल कोणाची कोणीं उचलली, याचा शोध करण्यापेक्षां ती दोन्हीकडे शोभून दिसे, हें लक्षांत ठेवणें बरें.

खुद्द निजामाच्या दरबारीं जावयाचें असल्यास दस्तार व कमरेस बगलूस अर्थात् पट्टा असल्यावांचून प्रवेश नसे. नजर करावयाची ती रुमालावर अशरफी व रुपये ठेवून, दोन्ही हात पुढें करून, वाकून. महाराजा किशन प्रसाद हे १९०१ ते १९१२ पर्यंत त्या राज्याचे दिवाण होते; ते हिंदु असून ‘शाद’ या नांवानें उर्दु कविता करीत. ही दरबारी रीत केवळ एका धर्माची मिरास नसून एका शहराचें, एका संस्कृतीचें वळण होतें, हें अशा गृहस्थांकडे पाहिलें म्हणजे कळतें.

रीत पाहणारा नेहमीं आपणच असतों, असेंहि नाहीं. कधीं आपल्यालाहि कोणी पाहून जातो. मोरोक्को देशचा इब्न बतूता हा प्रवासी १३४२ च्या सुमारास दौलताबादेहून गेला. मुहम्मद तुघलकानें १३२७ सालीं आपली राजधानी जेथें नेली, तीच ही देवगिरि. त्यानें आपल्या वृत्तांतांत मराठ्यांविषयीं लिहिलें आहे: हे लोक कलांत व वैद्यकांत निपुण आहेत, स्नान केल्यावांचून जेवत नाहींत, नात्यांत लग्नें करीत नाहींत. तो काझी होता, आपल्या धर्माचा अभिमानी होता. परंतु आपल्या स्नानाची टवाळी न करतां त्यानें त्याची तुलना स्वतःच्या धर्मांतील शुद्धिस्नानाशीं केली. परक्याची रीत समजून घ्यावयाची म्हणजे तिला आपल्या घरांतील कोणती रीत जवळची आहे हें शोधावयाचें, ही युक्ति त्यास साधली होती. आमच्या पूर्वजांसहि ती साधली असली पाहिजे; एरव्हीं अदब, मुजरा, नजराणा, मेहेरबान, मेजवानी हे शब्द मराठींत इतके मुरले नसते. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें राज्यव्यवहारकोश तयार झाला व कित्येक फारसी शब्दांस संस्कृत पर्याय मिळाले. तरी ‘मेहेरबान’ पत्राच्या मायन्यांतून हलला नाहीं.

आतां औंढ्याकडे वळूं. नागनाथाचें हें स्थान बारा ज्योतिर्लिंगांपैकीं एक मानिलें जातें. द्वारकेजवळील व अल्मोड्याकडील स्थानेंहि तोच मान सांगतात, त्या वादांत येथें शिरावयाचें कारण नाहीं. देवळाचा खालचा भाग यादवकालीन, काळ्या दगडाचा व मूर्तिकामानें खचलेला आहे. वरचा भाग मागाहूनचा, विटाचुन्याचा, पांढरा आहे. मूळ शिखर औरंगजेबाच्या फौजेनें पाडिलें असें परंपरा सांगते, व अहिल्याबाई होळकरांनीं जीर्णोद्धार केला असेंहि सांगतात. लिंग तळघरांत आहे. तेथें उतरावयाची वाट इतकी अरुंद कीं राजा असो वा रंक, अंग चोरून व मान लववूनच जावें लागतें. दरबारांतली अदब चोपदार शिकवी. येथली अदब दगडच शिकवितो.

या देवळांत नंदी मागील बाजूस आहे, आणि त्याचें कारण म्हणून एक कथा सांगतात. नामदेवराय कीर्तन करीत असतां येथील अधिकाऱ्यांनीं त्यांस देवासमोरून उठवून मागें जाण्यास सांगितलें. ते निमूटपणें मागें गेले व तेथें कीर्तन करूं लागले; तेव्हां देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभें राहिलें. कथेची ऐतिहासिकता कोणी मानो वा न मानो. तिचा निवाडा मात्र स्पष्ट आहे. पाहुण्यानें रीत पाळली, त्यानें वाद घातला नाहीं. परंतु रीतीच्या नांवाखालीं यजमानांनीं पाहुण्याचा अपमान केला, आणि दोष त्यांच्याकडे गेला. अदब ही दोन टोंकांची दोरी आहे. एक टोंक पाहुण्याच्या हातीं असतें, दुसरें यजमानाच्या. एकानेंच ओढली कीं तिचा फांस होतो.

मोगलाईंत नेमकें तेंच झालें. यात्रेकरू चार दिवसांचा पाहुणा. त्यानें हाली रुपया घ्यावा, आदाब म्हणावें व आपल्या गांवीं परत जावें, यांत त्याचें कांहीं जात नसे. परंतु औंढ्याचा शेतकरी किंवा हिंगोलीचा शिक्षक हा पाहुणा नव्हता. तो घरचा मनुष्य होता, आणि पाहुण्यापासून अपेक्षावयाची नम्रता त्याच्यापासून जन्मभर मागितली जात होती. नवें देऊळ बांधावयास किंवा जुन्याची डागडुजी करावयास परवानगी लागे. सभा भरवावयास ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमाचा अडथळा होता. आपल्या भाषेंत शिकावयाची सोय तुटपुंजी होती. १९३८ सालीं स्टेट काँग्रेसनें व आर्य समाजानें सत्याग्रह केला तो याच कारणानें. त्याच सालीं ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठांतून विद्यार्थ्यांस काढून टाकण्यांत आलें, व त्यांपैकीं पुष्कळांना नागपूर विद्यापीठानें आसरा दिला. सलाम करणारा हात व गळचेपी सोसणारा गळा हीं एकाच देहाचीं होतीं, हें दरबारास उमगलें नाहीं.

पुढचा काळ याहून वाईट आला. कासिम रझवीच्या रझाकारांनीं मराठवाड्यांत केलेले अत्याचार अजून लोक विसरले नाहींत. परंतु त्याबरोबरच हैदराबादेच्या ‘इमरोज’ पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांसहि विसरतां कामा नये. भारतांत सामील व्हावें असें त्यांनीं लिहिलें, व त्याबद्दल २२ ऑगस्ट १९४८ रोजीं त्यांचा खून झाला. सप्टेंबरच्या १७ तारखेस निजाम शरण आला. त्यानंतर कित्येक गांवीं निरपराध मुसलमानांवर सूड उगविण्यांत आला, व त्याची चौकशी करण्यास पंडित सुंदरलाल यांस पाठवावें लागलें, हेंहि सत्य आहे. एकमेकांच्या उंबरठ्यावर जोडे काढणारे शेजारी इतके कसे बदलले? आमच्या मतें, ज्या अदबीच्या मुळाशीं भीति असते ती भीतीबरोबरच संपते. ज्या अदबीच्या मुळाशीं शेजारधर्म असतो ती उरते. परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याचा उरूस दरवर्षीं फेब्रुवारीच्या आरंभीं भरतो, आणि तेथें डोक्यावर रुमाल घेऊन चादर वाहणाऱ्यांत हिंदु आजहि पुष्कळ असतात. त्यांना कोणत्या निजामानें हुकूम केला आहे?

हा भेद नीट समजला, म्हणजे आज अरबस्तानाकडे जाणाऱ्या आमच्या तरुणांस काय सांगावें याचें उत्तर मिळतें. दुबई, मस्कत, दोहा येथें आज मराठी कुटुंबें नांदत आहेत, आणि मोगलाईच्या जुन्या यात्रेकरूचे कित्येक प्रश्न त्यांच्यापुढें पुन्हां उभे राहतात. ओमान, कतार व सौदी अरेबियांत आठवड्याची सुट्टी शुक्रवारीं व शनिवारीं असते. संयुक्त अरब अमिरातींत जानेवारी २०२२ पासून सरकारी कचेऱ्या शनिवारीं व रविवारीं बंद राहतात, व शुक्रवारीं दुपारपर्यंतच चालतात. रमजानांत दिवसा चारचौघांत खाऊं-पिऊं नये. उपाशी मनुष्यासमोर घास घेऊं नये, हें आपल्या एकादशीवाल्या आजीनेंहि शिकविलें आहे. परक्या स्त्रीपुढें आपण होऊन हात करूं नये, तिनें केला तर धरावा; परवानगीवांचून तिचें छायाचित्र घेऊं नये. देणें-घेणें व खाणें उजव्या हातानें. अरबाच्या घरीं छोट्या वाटींत कॉफी मिळते. ती संपली कीं पुन्हां भरली जाते, व पुरे असल्यास वाटी किंचित् हलवून परत द्यावी लागते. शब्द न उच्चारतां मन कळविण्याची ही रीत आपल्या विड्याचीच बहीण नव्हे काय? मस्कतची सुलतान काबूस मशीद व अबुधाबीची शेख झायेद मशीद अन्यधर्मीयांस पाहतां येतात. तेथें अंगभर वस्त्र व स्त्रियांच्या डोक्यावर पदर असावा. मक्केंत मात्र मुसलमानेतरांस प्रवेश नाहीं. त्याबद्दल रुसण्यापूर्वीं आपल्या कांहीं देवळांच्या दारांवरील पाट्या वाचाव्या.

यजमानांचें टोंकहि या देशांत अगदींच सुटलेलें नाहीं. मस्कतेंत शिवाचें जुनें देऊळ आहे, आणि १४ फेब्रुवारी २०२४ रोजीं अबुधाबींत राज्यकर्त्यांनीं दिलेल्या जमिनीवर स्वामिनारायणाचें दगडी मंदिर उघडलें. पाहुण्यानें रीत राखली व यजमानानें जागा दिली, तर दोरीचा फांस होत नाहीं, हें यावरून दिसतें.

शेवटीं औंढ्याचीच दुसरी कथा सांगून हा लेख पुरा करितों. गुरूच्या शोधांत नामदेव येथें आले, तों विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनीं हटकलें, तेव्हां विसोबा म्हणाले कीं जेथें देव नसेल तेथें माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनीं ते जेथें जेथें ठेविले, तेथें तेथें पिंड उमटली. महिपतीनें १७६२ सालीं पुऱ्या केलेल्या भक्तविजयांत ही कथा आली आहे. अगदीं अशीच गोष्ट शीख लोक गुरु नानकांविषयीं सांगतात. ते मक्केंत काब्याकडे पाय करून निजले होते, आणि त्यांचे पाय फिरविले तसा काबाहि फिरला. नामदेवांचीं ६१ पदें शिखांच्या ग्रंथसाहेबांत आहेत, आणि औंढ्यापासून जवळच त्यांच्या नरसी गांवीं आज गुरुद्वारा उभा आहे. तेव्हां या दोन कथा एकमेकींस ओळखत असतील, तर त्यांत नवल नाहीं.

देव सर्वत्र आहे, मग रीतीचें काय घेऊन बसलां, असें या कथांवरून म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस त्यांत दुसरेंच कांहीं दिसतें. विसोबांनीं पाय ठेविले ते स्वतःच्या क्षेत्रांत, स्वतःच्या देवावर. आणि नामदेवांनीं ते पाय उचलले ते झिडकारून नव्हे, तर हातांत धरून. सर्वत्र देव पाहण्याची दृष्टि ज्यास लाभली, त्यानें पाय खुशाल पसरावे. आपणां सामान्य प्रवाशांस ती लाभेपर्यंत, परक्याच्या अंगणांत पाय आंवरून बसावें, यांतच आपली शोभा आहे.